विमानाची खालची बाजू

आमच्या झेरॉक्सच्या दुकानात शिरलं की समोर प्रिंटर, उजव्या हाताला बसायचा बाक आणि बाकाच्या वर सागवानाची एक फळी. फळीवर पांढरं-निळं विमान आहे. पुढे दोन लांब सुळे, मागे दोन्हीकडे पसरलेले पंख, वर शेपटीचं उभं पातं. पीकविम्याचा नाहीतर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आलेला माणूस आधार कार्ड पुढे करतो आणि साइट उघडेपर्यंत वर बघत बसतो. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात साइट उघडायला वेळ लागतो, त्यामुळे विमान निवांत बघून होतं. मग प्रश्न येतोच, "लेकराचं हाय का हे?"

"नाही, माझं आहे."

हे उत्तर द्यायला मला आवडतं. विमान मी लेगोच्या ठोकळ्यांचं रचलं आहे. ते एका व्हिडिओ गेममधलं आहे. आणि ते काचेच्या कपाटात न ठेवता येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाताला लागेल असं ठेवलं आहे, तेही पुरता विचार करून.

विमानाचं नाव व्हिक व्हायपर. कोनामी या जपानी कंपनीने १९८५ साली 'ग्रॅडियस' नावाचा, नाणं टाकून खेळायचा आर्केड गेम काढला, त्यातलं हे विमान. पुढच्याच वर्षी तो गेम घरच्या टीव्हीला जोडायच्या फॅमिकॉम मशीनवर आला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात जे स्वस्तातले टीव्ही गेम मिळायचे ते बहुतेक त्या फॅमिकॉमच्याच नकला होत्या, आणि एकेका कॅसेटमध्ये असे कितीतरी जुने गेम भरलेले असायचे. पुलगावला माझ्या मामांकडे असा एक टीव्ही गेम होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी घराबाहेर पाय टाकायची सोय नसायची. मग कूलरसमोर सतरंजी टाकून आम्ही भावंडं पाळीपाळीने खेळायचो. गेमचं नाव कुणाच्या लक्षात राहायचं नाही. आम्ही त्याला 'ज्वालामुखीवाला' म्हणायचो, कारण पहिल्या टप्प्याच्या शेवटी दोन डोंगर फुटतात आणि पडदाभर दगडांचा पाऊस पडतो. पुढे कुठेतरी ईस्टर बेटावरच्या मोआईंसारखी दगडी तोंडं लागतात आणि ती तोंडातून कड्या फेकतात. तिथपर्यंत मामेभाऊच पोचायचा. आम्ही बाकीचे बघायचो.

विमानांचे गेम त्या कॅसेटमध्ये आणखीही होते. 'गॅलेक्सियन' होता, 'गॅलागा' होता. त्यांत विमान तयार मिळतं आणि तुम्ही फक्त गोळ्या झाडता. ग्रॅडियसचं तसं नाही. सुरुवातीला हातात येतं ते हळू चालणारं, एकच साधी बंदूक असलेलं विमान. काही शत्रू पाडले की एक चमकती कुपी मागे राहते. ती उचलली की पडद्याच्या तळाच्या पट्टीवर खूण एक घर पुढे सरकते. वेग, मिसाइल, डबल, लेझर, ऑप्शन आणि शेवटी ढाल. कुठल्या घरावर बटण दाबायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. आत्ता वेग घेऊन टाकायचा, की जीव मुठीत धरून आणखी कुप्या जमवायच्या आणि लेझर घ्यायचा? ऑप्शन म्हणजे विमान जिथून गेलं त्याच वाटेने मागोमाग येणारा आणि विमानासारख्याच गोळ्या झाडणारा एक गोळा. आर्केडमध्ये असे चार मिळायचे, फॅमिकॉमवर दोनच. आणि कशाचाही धक्का लागला की जमवलेलं सगळं गेलं, पुन्हा तेच उघडं विमान घेऊन मागच्या ठिकाणापासून सुरुवात.

म्हणजे हा गेम मुळातच जुळवणीचा. मामेभाऊ आधी दोनदा वेग घ्यायचा. माझी मावसबहीण मिसाइलशिवाय पुढे सरकायचीच नाही. मी ऑप्शनसाठी थांबायचे आणि बहुतेक वेळा ऑप्शन मिळायच्या आत मरायचे, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायचे, कारण ते दोन गोळे मागे घेऊन उडणारं विमान मला फार देखणं वाटायचं. एकाच विमानाची आम्ही तिघांनी तीन विमानं केली होती.

हा गेम किती अवघड आहे हे खुद्द कोनामीतही जाणवलं होतं. काझुहिसा हाशिमोतो नावाचे प्रोग्रॅमर तो फॅमिकॉमवर आणत होते. तपासणीसाठी शेवटपर्यंत खेळून बघणं त्यांनाच जमेना. म्हणून त्यांनी स्वतःसाठी एक चोरवाट ठेवली. गेम थांबवायचा आणि वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए अशी बटणं दाबायची, की जवळपास सगळी हत्यारं एकदम विमानाला लागतात. ती चोरवाट काढायची राहून गेली आणि गेमबरोबर जगभर गेली. आज तिला 'कोनामी कोड' म्हणतात आणि ग्रॅडियस कधी न खेळलेल्या लोकांनाही ती पाठ असते. हाशिमोतो २०२० साली गेले. बातमी मी दुकानातच वाचली, कुणाचा तरी सातबारा प्रिंट होत असताना. हात त्या क्रमाने आपोआप हलले.

आता मुद्द्याचं. ते विमान मी कधी पाहिलंच नव्हतं, म्हणजे पुरतं पाहिलं नव्हतं. मामांचा टीव्ही काळा-पांढरा पोर्टेबल. त्यावर विमान नखाएवढं. आणि गेम आडवा सरकणारा, डावीकडून उजवीकडे, म्हणून विमान कायम एकाच बाजूने दिसायचं. वर-खाली करताना किंचित कलायचं, तेवढंच. पंख वरून कसे आहेत, सुळ्यांच्या मधे काय आहे, पोटाखाली काय आहे, हे आमच्या पडद्याने कधी सांगितलं नाही. पुढे इंटरनेटवर रंगीत चित्रं पाहिली तेव्हा कळलं की ते पांढरं-निळं आहे. तोवर माझ्या डोक्यात ते राखाडीच होतं.

चित्रातलं विमान बघणं वेगळं आणि ते हातात येईल असं रचणं वेगळं. रचायला बसलं की प्रत्येक न दिसलेली बाजू समोर येऊन उभी राहते आणि उत्तर मागते. लेगोची तयार खोकी घेतली तर ही उत्तरं कंपनीच्या माणसाने आधीच दिलेली असतात. पुस्तिकेच्या पानामागून पान उलटत जायचं आणि शेवटी खोक्यावरच्या चित्रासारखं विमान तयार होतं. त्यात आनंद नाही असं मी म्हणणार नाही. १९७९ साली लेगोने 'गॅलेक्सी एक्सप्लोरर' नावाचं अवकाशयान काढलं होतं, ते २०२२ मध्ये नव्याने, १२५४ तुकड्यांचं करून पुन्हा आणलं. पुस्तिका बघून रचतानाही माणूस थक्क होतो इतकी त्याची आतली बांधणी सुरेख आहे. पण मला माझं विमान हवं होतं, आणि त्याच्या न दिसलेल्या बाजू मलाच ठरवायच्या होत्या.

सामान दोन वाटांनी जमलं. मुलासाठी आणलेला लेगो क्लासिकचा मोठा डबा घरात होता, ७९० तुकड्यांचा. त्यात रंग भरपूर, पण विमान पांढरं-निळं आणि डबा सप्तरंगी, तेव्हा हवे ते सुटे तुकडे ऑनलाइन मागवावे लागले. कुरिअर आमच्या गावात येत नाही, आर्वीला जाऊन सोडवून आणावं लागतं. बाजाराच्या दिवशी एसटीने जायचं, बी-बियाण्यांची कामं करायची, येताना पिशवीत ते पुडकं. आधी दुकानातल्या कॉम्प्युटरवर स्टुडिओ नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये विमान रचून बघितलं होतं. त्यात तुकडे हवे तेवढे मिळतात आणि शेवटी कुठल्या रंगाचे किती लागतील याची यादीही मिळते. पण पडद्यावर पक्कं दिसणारं विमान हातात घेतल्यावर लचकतं का, ते मात्र हातात घेतल्यावरच कळतं.

लेगोचा ठोकळा दिसतो साधा, पण त्याची मापं फार विचाराने बेतलेली आहेत. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या या कंपनीने २८ जानेवारी १९५८ रोजी आजच्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. नवं काय होतं, तर पोटातल्या नळ्या. वरची गोल बटणं खालच्या पोकळीत या नळ्यांच्या आणि भिंतींच्या मधे घट्ट बसतात. म्हणून ठोकळे चिकटवायला काही लागत नाही आणि लहान मुलालाही ते सोडवता येतात. तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. दोन बटणांमधलं अंतर ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर. पातळ पट्टी असते ती त्याच्या तिसऱ्या हिश्शाची, ३.२ मिलिमीटर. आठ बटणांचे फक्त सहा एकरंगी ठोकळे घेतले तर ते ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात, असं गणितज्ञांनी मोजून काढलं आहे.

या मापांत एक गंमत दडलेली आहे. पाच पट्ट्या एकावर एक ठेवल्या की १६ मिलिमीटर होतात, आणि दोन बटणांची रुंदीही १६ मिलिमीटरच. म्हणजे पाच पट्ट्यांची थप्पी आडवी करून दोन बटणांच्या जागेत बसवली तर ती तंतोतंत बसते. माझ्या विमानाचे सुळे या एका हिशेबावर उभे आहेत. सुळ्याच्या बाहेरच्या अंगाला बटणं दिसली असती तर तो खडबडीत, मक्याच्या कणसासारखा दिसला असता. म्हणून पट्ट्या कुशीवर वळवल्या, गुळगुळीत बाजू बाहेर आली आणि बटणं आत लपली. कोपऱ्याला डोळे मिटून बोट फिरवलं तरी जोड लागत नाही.

जगभर हे विमान ठोकळ्यांनी रचणारे पुष्कळ लोक आहेत. अमेरिकेतल्या एका फार कल्पक रचनाकाराला व्हिक व्हायपरचा नाद होता. तो २०१० साली गेला, तरुणच होता. त्याच्या आठवणीत नोव्हेंबर महिन्यात व्हिक व्हायपर रचायचा रिवाज लोकांनी चालू ठेवला. अट थोडकी असते. पुढे दोन सुळे हवेत, पंख हवेत, मागे शेपटीचं पातं हवं. बाकी कुणी लाकडी रंगाचं करा, कुणी माशासारखं करा, ज्याचं त्याने ठरवायचं. सप्टेंबरमध्ये असाच दुसरा एक रिवाज असतो, त्यात शंभर बटणं लांबीचं, म्हणजे ८० सेंटिमीटरचं यान रचायचं असतं. माझ्या फळीला तेवढी लांबी नाही.

नोव्हेंबर मात्र आमच्याकडे कुणाला जमायचा नाही. तेव्हा कापूस वेचणीला आलेला असतो. मजूर बघायचे, वेचलेला कापूस घरात आणून टाकायचा, पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते. शिवाय तूर उभी असते. माझा महिना मे. पारा ४५ अंशांच्या वर जातो, शेतात काही नसतं, दुकानात दुपारी कुत्रं फिरकत नाही. कूलर लावायचा, फरशीवर पांढरी चादर पसरायची, तुकडे रंगांप्रमाणे ताटांत काढायचे. मधेच लाइन जाते. मग अंधुक उजेडात फक्त हाताने तुकडे चाचपडत बसायचं. त्या वेळात मला विमान जास्त कळलं असं वाटतं, कारण तेव्हा दिसण्याचा मोह नसतो आणि जोड कुठे कच्चा आहे ते बोटांना लगेच समजतं.

खरी अडचण वजनाची होती. सुळे लांब, म्हणून पुढचा भाग जड. इंजिनाजवळ मागे भर टाकला, सुळे आतून पोकळ केले, तरी विमान फळीवर ठेवलं की नाक टेकायचं. ते हवेत असल्यासारखं उभं करायचं तर खाली स्टँड हवा, आणि ठोकळ्यांचा स्टँड माझ्या मनात भरत नव्हता. विमान ठोकळ्यांचं आणि पायही ठोकळ्यांचा असला की विमान कुठे संपतं ते डोळ्याला कळत नाही. तेव्हा मी ते सुपात ठेवून आमच्या गावच्या सुतारकाकांकडे घेऊन गेले.

त्यांनी हात धोतराला पुसले, विमान उचललं आणि एक शब्द न बोलता दोन बोटांवर तोललं. थोडं मागे घेतलं, थोडं पुढे. पायलटच्या काचेच्या मागे एका जागी ते स्थिर राहिलं.

"सूनबाई, याचा जीव हितं हाय," ते म्हणाले. "हितं धरलं त पडत नाई."

मग त्यांनी विमान उलटं केलं. पोटाखालची बाजू बघितली. ती बाजू गेममध्ये कधीच दिसत नाही आणि ती रचायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला होता. मधोमध निळा पट्टा, दोन्ही बाजूंना हवा आत घ्यायची तोंडं, मागे मिसाइल सुटायची दोन खोबणी. कुणी विमान उलटं करून बघेल असं मला वाटलंच नव्हतं. फळीवर असताना ती बाजू कुणाला दिसणार नव्हती. काकांनी त्या खोबणीतून अंगठा फिरवला आणि नुसती मान हलवली. ते स्वतः लेकरांसाठी लाकडी नंदी घडवतात तेव्हा पोटाखालची चामडीची घडी कोरतात. लेकरू नंदी उलटा करून बघतंच, हे त्यांना माहीत असतं.

स्टँडला खाच किती रुंद पाहिजे ते बघायला त्यांनी स्टीलची पट्टी काढली. लेगोची एक पातळ पट्टी मी सुटी दिली होती, ती मोजली.

"हे त एक सूत भरते."

आपल्याकडे सुतार-गवंडी इंचाचे आठ भाग करतात, एक भाग म्हणजे एक सूत, ३.१७५ मिलिमीटर. लेगोची पट्टी ३.२. डोळ्याला, बोटाला, स्टीलच्या पट्टीलाही हा फरक दिसत नाही. मी त्यांना सांगितलं की अशा पाच मिळून दोन बटणांची रुंदी होते. "म्हणजे पाच सूत," ते म्हणाले आणि शिवणीच्या लाकडाच्या एका उरलेल्या तुकड्यावर पेन्सिलीने दोन रेघा मारल्या. डेन्मार्कच्या कारखान्यातलं माप आणि आमच्या सुताराच्या तोंडातलं माप एका खाचेत येऊन बसलं, हे बघताना मला फार आनंद झाला. अर्थात पुरतं बसलं नाही. पाच सूत म्हणजे १५.८७५ मिलिमीटर, खाच केसभर अरुंद निघाली. काकांनी पॉलिश पेपरची घडी आत घालून दोन-चारदा ओढली, फुंकर मारली आणि विमान खाचेत बसवलं. नाक किंचित वर, जसं ज्वालामुखीच्या वरून निघताना असायचं. त्यांना ज्वालामुखी माहीत नव्हता. "चढतीवर पायजे," एवढंच ते म्हणाले.

विमान ठेवायचं कुठे यावर घरात चर्चा झाली. सासूबाईंचं म्हणणं, बैठकीतल्या काचेच्या कपाटात ठेव, धूळ बसणार नाही आणि पोरं तोडणार नाहीत. त्या कपाटात यांच्या शाळेतल्या ढाली आहेत, एक ताजमहाल आहे आणि मधोमध यांचा लहानपणीचा लाकडी नंदी आहे. नंदी याच सुतारकाकांच्या वडिलांनी शिवणीच्या लाकडाचा घडवलेला. ज्यांनी विदर्भ पाहिला नाही त्यांना हे सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. मोठ्यांचे खरे बैल आदल्या दिवशी, लेकरांचे लाकडी बैल दुसऱ्या दिवशी. नागपूरच्या रघुजी भोसल्यांनी १८०६ साली तो सुरू केला असं सांगतात. चार चाकांच्या पाटीवर उभा नंदी, अंगावर झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू. लेकरं दोरीने ओढत मारुतीच्या देवळापुढे आणतात, तोरणाखाली उभे करतात, कुणाचा नंदी जास्त सजला ते बघायला सगळं गाव येतं. मग घरोघरी फिरून बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. दुसऱ्या दिवसापासून नंदी पुन्हा कपाटात.

चाळिशीच्या माणसाने लाकडी बैल का जपून ठेवला आहे, असं आमच्या गावात कुणी विचारत नाही. तुटलेलं शिंग सुताराकडून बसवून घेतात, रंग उडाला तर पुन्हा देतात, लेकराला देताना हा तुझ्या आजाचा होता असं सांगतात. मोठ्या माणसाने खेळणं रचावं, सजवावं, दहा जणांना दाखवावं, याला आमच्याकडे दोनशे वर्षांची परवानगी आहे. माझ्या विमानाकडे बघून शहरातले पाहुणे थोडे गोंधळतात. गावातले विचारतात ते किंमत, वजन आणि कशाचं आहे ते. हे प्रश्न मला बरोबर वाटतात.

पण कपाटात ठेवायला मी तयार नव्हते. काचेतून विमान पुन्हा एकाच बाजूने दिसलं असतं. एवढं सगळं करून त्याला पुन्हा पडद्यात कोंडायचं का? ठोकळ्यांनी यानं रचणारे लोक एक कसोटी मानतात. यान हातात धरून, तोंडाने आवाज काढत घरभर फिरवता आलं पाहिजे, आणि फिरवताना एकही तुकडा गळता कामा नये. मी ही कसोटी फार मानते. जे विमान उचलायला भीती वाटते ते रचून पूर्ण झालेलं नाही. म्हणून फळी, आणि फळीही दुकानात, बाकावर बसलेल्या माणसाचा हात पोचेल अशी. लोक उचलतात. वेचणीवरून आलेल्या बाया उचलतात, कॉलेजची पोरं उचलतात. शेपटीचं पातं कधीकधी निघून हातात येतं, मग माणूस घाबरतो, आणि मी म्हणते, लावा ना परत, दाबलं की बसतं. तो दाबतो. टक् असा आवाज येतो. त्या आवाजानंतर माणसाचा चेहरा बघावा.

उघड्यावर ठेवायचं तर राखणही करावी लागते. लेगोचे ठोकळे एबीएस प्लास्टिकचे. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळे पडतात, आणि पांढऱ्यावर व निळ्यावर ते लवकर दिसतं, नेमके माझे दोन्ही रंग. आमच्या दुकानाचं तोंड पश्चिमेला. तेव्हा फळी अशा भिंतीवर मारली की संध्याकाळची तिरीप तिच्यापर्यंत येत नाही. धूळ काळ्या मातीची, बारीक, तेलकट. रंगाचा मऊ ब्रश घेऊन बटणांच्या मधून ती काढावी लागते. पावसाळ्यापूर्वी एकदा मी सगळं विमान भागाभागाने सोडवते आणि धुते. धुवायचं पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको असं लेगोवालेच सांगतात. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. म्हणून रात्री बादली भरून ठेवायची, सकाळी त्यात साबणाचे चार थेंब, आणि तुकडे सुती लुगड्यावर सावलीत वाळत घालायचे. सासूबाई शेजारी कुरड्या घालत असतात. त्यांनीच एकदा सांगितलं की सुळ्यांच्या आतल्या बाजूला पाणी राहिलं आहे, हलवून बघ, वाजते.

फळीवर विमान उघडंच असतं, हत्यारांशिवाय. पण दोन नारिंगी गोळे पारदर्शक दांड्यांवर बसवून ठेवले आहेत. सणावाराला ते मागे लावते. ऑप्शन! पुलगावच्या मावसबहिणीला फोटो पाठवला तेव्हा तिचा उलट प्रश्न आला, मिसाइल कुठे आहे? मी पोटाखालचा फोटो पाठवला.

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याने ग्रॅडियस खेळलेला नाही, त्यामुळे त्याचे प्रश्न माझ्या डोक्यात कधी आलेच नव्हते. "आई, हा माणूस आत कुठून बसतो?" आमच्या गेममध्ये विमान आधीपासून उडतच असतं, चांदण्यांच्या मधोमध. कुणी त्यात चढत नाही. मी काच बिजागरीवर उघडेल अशी केली आणि आत माणूस बसवला, त्यासाठी पायलटची जागा अर्ध्या बटणाने मागे न्यावी लागली. मग दुसरा प्रश्न. "आणि हे उतरतं कुठे?" तेही आमच्या गेममध्ये नव्हतं. त्याचं म्हणणं, याला चाकं हवीत, म्हणजे तान्ह्या पोळ्याला ओढत नेता येईल.

तान्ह्या पोळ्याला मी नाही म्हटलं. तो दिवस नंदीचा आहे. वर्षभर शेतात राबणाऱ्या जिवाच्या नावाने एक दिवस आहे, त्याच्या तोरणाखाली दुसरं काही उभं करायचं नाही, हे मला पक्कं वाटतं आणि त्यालाही पटलं. यांचाच नंदी तो नेणार आहे, झुलीसाठी सासूबाईंनी जरीचा काठ काढून ठेवला आहे. पण बाकीचे दिवस आहेतच. अंगणात, गल्लीत विमान ओढायला काय हरकत आहे?

म्हणून आम्ही दोघं पुन्हा सुतारकाकांकडे गेलो. नंदीच्या खाली असते तशी चार चाकांची पाटी, वर आधीच्या स्टँडसारखीच पाच सुताची खाच. विमान फळीवरून काढायचं आणि पाटीवर बसवायचं. चाकं लेगोची घ्यावीत, असं मुलाचं म्हणणं होतं, रबराची टायर असलेली. काकांनी ती हातात घेऊन बघितली आणि त्याला परत दिली.

"बापू, गल्लीत गोटे हायेत. लाकडाचीच पायजे. अडीच इंची."

आता वाद एवढाच उरला आहे की पाटीला रंग द्यायचा की शिवणीचं लाकूड तसंच ठेवायचं. मुलाला निळी हवी आहे. मला तशीच हवी आहे. काकांनी सांगितलं, आधी चाकं फिरू द्या.